चार भाषांतली काळी जीभ

बहात्तरचा दुष्काळ मी पाडला. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि फ्रॉक घालत होते.

आज हे लिहिताना हसू येतं. पण सोलापुरातल्या आमच्या बोळात यावर पुष्कळांची श्रद्धा होती, आणि त्यांतली सगळ्यांत कट्टर श्रद्धाळू मी स्वतः होते. पेपरात यायचं की पाऊस कमी झाला. तो का कमी झाला, हे मात्र फक्त आमच्या बोळाला ठाऊक होतं.

त्याचं झालं असं. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं रोज बर्फाचा गोळा खायचो. गोळा संपला की ओळीनं उभं राहून एकमेकांना जिभा दाखवायच्या, हा आमचा नेम. ज्याची जीभ जास्त रंगली तो जिंकला. एके दिवशी माझी जीभ लालभडक झाली होती आणि मी जिंकणारच होते, तेवढ्यात एकजण म्हणाला, "हिच्या जिभेवर हे काळं काय हाय?" डाव्या कडेला मोहरीएवढा ठिपका होता. गोळेवाल्यानं काहीतरी घातलं असेल म्हणून मी चूळ भरली. लाल गेलं, काळं राहिलं.

शेजारच्या अम्मा ओट्यावर बसल्या होत्या. त्या तेलुगू, घरात हातमाग, आणि बोळातल्या सगळ्या विषयांवर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं, आत पाहिलं, पटकन हात सोडला आणि तो लुगड्याला पुसला.

"नल्ल नालुक," त्या म्हणाल्या. "पोरगी, तू आता बोलताना विचार करून बोलत जा."

संध्याकाळी गिरणीचा भोंगा होईपर्यंत ही बातमी चार भाषांत फिरली. बोळाच्या एका टोकाला तेलुगू विणकर, दुसऱ्या टोकाला टांगेवाल्यांची मुसलमान घरं, मधे आम्ही मराठी आणि अक्कलकोटकडून आलेली दोन कन्नड कुटुंबं. नळावरून, मोरीवरून, कुणाच्या कोंबडीनं कुणाचं वाळवण खाल्लं यावरून यांचं कधी एकमत झाल्याचं मला आठवत नाही. माझ्या जिभेवर झालं. नल्ल नालुक, करी नालिगे, काली जबान, काळी जीभ. शाळेत मला एका भाषेत धड कुणी ओळखत नव्हतं आणि इथं चार भाषांत कीर्ती झाली.

काळ्या जिभेचा माणूस बोलेल ते खरं होतं, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यातही एक मेख होती. वाईट बोललं तरच खरं होतं. चांगलं बोललेलं वाया जातं. हा असला एकतर्फी कारभार का, हे मी अम्मांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते असंच असतंय." मी कन्नड काकूंना विचारलं. त्याही तेच म्हणाल्या, फक्त कन्नडमधून.

जुलैत माणसं संध्याकाळी बोळातल्या कडुलिंबाखाली उभी राहून आभाळाकडं बघायची. मी नळावरून घागर घेऊन येत होते. कुणीतरी म्हणालं, "उद्या परवा येईल." मी म्हटलं, "आता कसला येतोय पाऊस!" खरं तर हे वाक्य माझं नव्हतंच. आमचे अण्णा गिरणीत कारकून होते आणि रोज घरी येऊन चप्पल काढता काढता ते हेच वाक्य म्हणत. मी फक्त त्यांचा सूर उचलला होता. पण अण्णांची जीभ स्वच्छ होती. लिंबाखालची सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली, आणि पाऊस आला नाही.

मग काय झालं ते त्या पिढीतल्या कुणालाच सांगायला नको. नळ आटले. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी आली, तिची भाकरी थापताना आईच्या हातात फुटायची. शाळेत खायला सुकडी मिळायला लागली. खेड्यापाड्यांतून माणसं दुष्काळी कामांवर आली. शाळेच्या वाटेवर एक बाई रोज खडी फोडत बसलेली दिसायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी दगडांच्या सावलीत निजवलेलं मूल. ती एकदा माझ्याकडं बघून हसली. मी तिथून जी पळत सुटले ती थेट घरी. आपण त्या बाईला इथं आणून बसवलंय आणि तिला ते माहीत नाही, म्हणूनच ती हसतेय, असं मला वाटलं.

त्या दिवशी मी मोरीत बसून राखुंडीनं जीभ घासली. रक्त आलं तरी घासत राहिले. ठिपका तसाच. आईनं येऊन माझा हात धरला, आपल्या बोटानं जिभेवर तूप लावलं आणि भाकऱ्या करायला गेली.

पुढच्या वर्षी पाऊस आला. आता न्यायानं बघितलं तर माझी सुटका व्हायला हवी होती. मी 'येत नाही' म्हटलं होतं आणि तो आला की! पण बोळाचा न्याय निराळा होता. अम्मा म्हणाल्या, "एका वर्षाचा असर असतंय." म्हणजे पाऊस नाही आला तर माझ्यामुळे, आणि आला तर माझी मुदत संपली म्हणून. पडलं तरी नाक वर, ते असं.

पुढची तीन-चार वर्षं मी भीती आणि चैन एकाच ताटात वाढून घेत काढली. चैन अशी, की कुणी वेणी ओढली की मी नुसतं वळून म्हणायची, "बोलू का काहीतरी?" वेणी सुटायची. टांगेवाले चाचा मला लांबून बघितलं की दोन्ही हातांनी घोडीचे कान झाकायचे. "घोडी के बारे में कुच बोल नक्को, बेटी," ते विनवायचे, आणि मी अगदी गंभीर चेहरा करून घोडीकडं टक लावून बघत जायची. दोन दारं सोडून राहणाऱ्या काकू तर एकदा वाटीभर शेंगाचटणी घेऊनच आल्या. त्यांची नणंद सुट्टीला यायची होती.

"म्हण की गं," त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नणंद येणार न्हाय म्हणून."

मी म्हटलं. नणंद आली. चार पोरं, एक ट्रंक, आणि महिनाभराचा मुक्काम. काकूंनी मला नळावर गाठलं. "तू मनापासून म्हनली न्हाईस," त्या म्हणाल्या. चटणी परत मागायची सोय नव्हती, ती संपली होती.

शाळेच्या खो-खोच्या सामन्याला बाईंनी मला मैदानावर येऊ दिलं, पण तोंडात लिमलेटची गोळी ठेवून. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, विरघळली की दुसरी. मी सात गोळ्या खाल्ल्या. आमचा संघ डावानं हरला. "मनात म्हणाली असेल काहीतरी," असं ठरलं. मी मनात आठव्या गोळीची वाट बघत होते, दुसरं काही नाही.

भीती मात्र कुणाला दिसत नव्हती. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. कुणी गावाला निघालं की मी आतल्या खोलीत जाऊन बसे, न जाणो निरोप देताना काही तोंडून निसटलं तर. माझी मोठी बहीण आक्का मॅट्रिकच्या परीक्षेला निघाली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला काही ना काही म्हटलं. मी तिच्या हातावर दही ठेवलं आणि खाली मान घालून उभी राहिले. मला माझीच भीती वाटायची. एखादी गोष्ट मनात आली की आधी मी तिच्याकडं चोरासारखी बघे.

नववीत आम्हाला विज्ञानाला नव्या बाई आल्या. बारीक, चष्मा लावलेल्या, खडूनं माखलेल्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. निरीक्षण, नोंद, निष्कर्ष. "आणि लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "झालेलं तेवढं मोजायचं आणि न झालेलं सोडून द्यायचं, याला नोंद म्हणत नाहीत." बाकीच्या मुलींनी हे वहीत उतरवून घेतलं. माझ्या अंगावर काटा आला.

त्या संध्याकाळी मी एक कोरी वही घेऊन माळवदावर गेले. सोलापूरच्या आमच्या घरांना मातीचं सपाट माळवद, तिथं संध्याकाळी कुणी नसायचं. तिथं उभं राहून मी रोज एक वाईट वाक्य मोठ्यानं म्हणायला लागले आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं ते लिहायला लागले. "उद्या नळाला पाणी येणार नाही." आलं नाही. "गणिताचे सर आजारी पडतील." पडले नाहीत, उलट जास्त गणितं घातली. "उद्या भोंगा वाजणार नाही." भोंगा काट्यावर वाजला. "आईची आमटी करपेल." ही मात्र लगेच करपली, कारण वर पोरगी कुणाशी बोलतेय ते बघायला आई चुलीवरची आमटी सोडून जिन्यात आली होती.

चाळीस वाक्यं झाल्यावर मी बेरीज केली. अकरा खरी झाली होती. त्यांतली सात नळाची.

वही मी अण्णांपुढं ठेवली. अण्णांनी चष्मा पुसून ती शेवटपर्यंत वाचली. "नळाचं तर मीबी सांगतो की," ते म्हणाले, "आणि चाळीसातली चाळीस बरोबर सांगतो. मग माझी जीभ तुझ्याहून काळी म्हणायची." एवढं बोलून ते पोट धरून हसले. मीही हसले. माझ्या हातात पुरावा होता, तोही शाईनं लिहिलेला. त्या रात्री मी शहाण्या माणसासारखी झोपले.

पण खरं सांगायचं तर वहीला पटलं होतं, पोटाला पटलं नव्हतं. कुणी आजारी पडलं की मी आठवायला लागे, आपण गेल्या आठवड्यात त्यांच्याबद्दल काय म्हटलं होतं. बुद्धी एका दिवसात सुधारते. पोट जुन्या वळणाचं असतं, ते कुणाचं ऐकत नाही.

आक्काचं स्थळ माळशिरसकडून आलं. घरचा ऊस, माणसं चांगली, मुलगा शिकलेला. बघायला आले त्या दिवशी मला ताप आल्याचं जाहीर करून अम्मांच्या घरी हातमागामागं बसवलं होतं. अम्मा मागावर बसल्या, पण "धागा बघून काही बोलू नको," असं दर पाच मिनिटांनी बजावत होत्या. लग्न ठरलं, झालं. लग्नात मी पानसुपारीच्या ताटाशी बसले आणि सगळा वेळ पान चघळत राहिले. आक्काच्या सासूबाईंना वाटलं, पोरगी गुणाची दिसतेय, किती कमी बोलते.

नंतर त्यांना कुणीतरी सांगितलंच. असल्या गोष्टी सांगायला माणसं एसटीचं भाडं खर्चून जातात.

आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एप्रिल महिना, माळवद तव्यासारखं तापलेलं. आक्का घाबरलेली होती. तिच्या सासरी शेजारची एक बाई आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती, आणि आक्कानं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. रोज दुपारी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजायची आणि मधेच डोळे उघडून म्हणायची, "तू हितंच राहशील ना गं तेव्हा?" मी म्हणायची, "राहीन की."

आणि मग दिवस भरत आले तशा सासूबाई आल्या. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, तुपाची किटली असं सगळं घेऊन. उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. लई साधं बोलते मी. पोरगी सुटस्तोवर ह्या काळ्या जिभेच्या लेकीला हितं ठिवू नका. कुटंबी धाडा."

अण्णा काहीतरी म्हणायला गेले. आईनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं. अक्कलकोटला मावशी होती. तिच्याकडं मला पाठवायचं ठरलं.

आता इथं मी भांडायला हवं होतं. माझ्याकडं वही होती, विज्ञानाच्या बाई होत्या, कॉलेजातली चार पुस्तकं होती. पण मी काय केलं? मी सगळ्यांच्या आधी उठून पिशवी भरायला घेतली. दोन पातळं, टॉवेल, केसांची पिन, सगळं कसं भराभर कोंबलं. मला सुटल्यासारखं झालं होतं. आपण लांब असलो म्हणजे काही झालंच तर ते आपल्यामुळे नाही! आक्का पलंगावरून माझ्याकडं बघत होती. तिला दिलेला शब्द मोडायला मला कुणाची काळी जीभ लागली नव्हती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. आजही त्या भरलेल्या पिशवीची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी जाणार होते. सकाळीच आक्काला कळा सुरू झाल्या.

चाचांचा टांगा आला. आक्का, आई, सासूबाई बसल्या. मी पिशवी घेऊन पुढं चाचांच्या शेजारी, मला वाटेत स्टँडवर सोडायचं होतं. चाचांचे दोन्ही हात लगामात गुंतलेले, त्यामुळे घोडीचे कान झाकायची सोय नव्हती. ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "आज कुच बी बोल नक्को, बेटी. अच्छा बी नक्को, बुरा बी नक्को." स्टँड आला. मी उतरायला पाय खाली टाकला, तर मागून आक्कानं माझी वेणी धरली. चांगली मनगटाला गुंडाळून धरली.

"ही येणार," ती म्हणाली.

"अगं पर..." सासूबाई म्हणाल्या.

"ही येणार न्हायतर मी बी टांग्यातनं उतरते."

टांगा पुढं निघाला.

डॉक्टरीणबाईंचं ते लहानसं प्रसूतिगृह होतं. बाहेर लाकडी बाक, भिंतीवर कॅलेंडर. आक्काला आत नेलं. सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून खडीसाखरेचा भलामोठा खडा काढला आणि माझ्या तोंडात घातला. "चावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. खो-खोच्या बाईंपेक्षा यांचं सामान दणकट होतं.

सकाळ गेली, दुपार झाली. आतून आक्काचा आवाज येत होता. आधी कण्हणं, मग आईच्या नावानं हाका, मग नुसता आवाज. आई बाकाच्या टोकाला बसून होती. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. मी दोन्ही हातांनी तोंड धरून बसले होते.

तीनच्या सुमाराला नर्स बाहेर आली. "बहीण कोण? आत चला. पेशंट ऐकत नाही, जोर लावत नाही. बहिणीला बोलवा म्हणून बसलीय."

सासूबाई उठून दारात आडव्या झाल्या. नर्सनं त्यांना खांद्याला धरून शांतपणे बाजूला केलं, बादली बाजूला करावी तसं.

आत आक्काचा चेहरा ओळखू येत नव्हता. केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेले. तिनं माझं मनगट पकडलं आणि मला खाली ओढलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "मी मरणार का? तुझं खरं होतं. तू सांग."

म्हणजे आक्काचाही विश्वास होता. इतकी वर्षं ती माझ्याबरोबर हसत होती, माझी वही वाचत होती, चाचांची नक्कल करत होती, आणि तिचा विश्वास होता. बोळात कुणी काय म्हणतंय याचं मला एवढं कधी लागलं नव्हतं.

मला वहीतलं एकही वाक्य आठवलं नाही. 'नाही मरणार' म्हणावं, तर चांगलं बोललेलं फळत नाही हा नियम तिलाही पाठ. गप्प राहावं, तर माझ्या गप्प राहण्याचा ती काय अर्थ लावेल हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. एवढ्याशा मोहरीएवढ्या ठिपक्यानं मला असं कोपऱ्यात घेतलं होतं. आणि मग मला संताप आला. त्या ठिपक्याचा, बोळाचा, खडीसाखरेचा आणि आदल्या दिवशी मुकाट्यानं पिशवी भरणाऱ्या माझा. वाईटच बोललेलं खरं होतं ना? ठीक आहे. बोलते वाईट.

मी खडा तोंडातून काढून नर्सच्या ट्रेमध्ये ठेवला.

"तुला माकड होणार," मी म्हटलं.

आक्कानं डोळे उघडले. "काय?"

"माकड. अंगभर केस. काळं तोंड. आणि शेपूट. शेपूट एवढी लांब, की तुझ्या सासूबाई तिला वेणी घालतील. रिबीन लावून."

नर्स माझ्याकडं बघतच राहिली. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या होत्या, त्यांचे खांदे हलायला लागले. आक्काच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, अर्धा रडण्याचा आणि अर्धा भलताच. "गप," ती म्हणाली, "गप की गं भवाने..."

"बारशाला पेढे नकोत, शेंगा वाटू. पाळणा कशाला, कडीला लटकू दे. आणि तुझा नवरा येईल तेव्हा..."

"आई गं!" आक्का हसता हसता किंचाळली.

"लावा जोर!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "हसतेय तोवर लावा!"

चारच्या आत मुलगी झाली. काळीसावळी, ओली, आणि अतिशय रागावलेली. आक्का थकून डोळे मिटून पडली होती आणि तिच्या तोंडावर अजून हसू होतं. मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडले.

बाळाला कापडात गुंडाळून बाहेर आणलं. दार जाड नव्हतं, त्यामुळे सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नातीला घेतलं, पण तोंड बघितलं नाही. आधी तिला पालथी केली, कापड सोडलं आणि नीट वाकून तपासलं.

"शेपूट न्हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पर पाठीवर केस हायेत की."

"लव आहे ती, आजी," नर्स म्हणाली. "पुष्कळ बाळांना असते. जाते आपोआप."

"असंल," सासूबाई म्हणाल्या, "पर हिनं केस म्हनलं आणि केस आलं का न्हाय? थोडं तरी खरं झालंच की."

मी हात जोडले. यांच्यापुढं चाळीस काय, चारशे वाक्यांची वही आणली असती तरी उपयोग नव्हता. मी हसत आईकडं बघितलं. आई सासूबाईंच्या मागं उभी होती. तिनं इकडं तिकडं पाहिलं, माझ्याकडं बघितलं, आणि जीभ बाहेर काढली.

मला वाटलं, आई विहिणीला वेडावून दाखवतेय. आईनं असं कधी आयुष्यात केलं नव्हतं. मला हसू फुटलं. मग मी नीट बघितलं. आईच्या जिभेच्या कडेला काळा ठिपका होता. माझ्याहून चांगला दुप्पट मोठा.

तिनं जीभ आत घेतली आणि सासूबाईंना म्हणाली, "चहा घेणार ना विहीणबाई?"

संध्याकाळी घरी येऊन मी तिच्यावर जे तोंड सोडलं ते अख्ख्या बोळानं ऐकलं असेल. मी जीभ रक्त येईपर्यंत घासली तेव्हा तू तूप लावलंस. तुझं ते बोट तुझ्याच तोंडाकडं का गेलं नाही? मला कोंडलं, गोळ्या चारल्या, हाकलून दिलं, तू बघत बसलीस? आई भांडी घासत होती. माझं संपेपर्यंत तिनं वाट बघितली.

"लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या आईनं मला सांगितलं," ती म्हणाली, "तोंड फार उघडू नको, कुणाला दिसणार नाही. तेवढं मी पाळलं. पोरीला तसंच झालं तर काय करायचं, हे तिनं सांगितलं नव्हतं."

"अण्णांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

पातेल्याला राख लावत ती पुन्हा म्हणाली, "मी भित्री आहे गं. दोघींची अब्रू जाण्यापेक्षा एकीची पुरे, असं वाटलं. आज बाहेर बसून तुझं ते माकड ऐकलं आणि वाटलं, चोवीस वर्षं मी कशाला गप्प बसले." मला अजून राग होता. पण तिच्या हातातलं पातेलं मी घेतलं आणि विसळायला लागले. तेवढंच मला जमलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. बोळातल्या सगळ्या बायका आल्या, चारही भाषांतल्या. अम्मांनी बाळाची जीभ बघायची म्हणून तिच्या हनुवटीला हात लावला, तर आक्कानं त्यांच्या हातावर चापट मारली. पाळणा म्हणायची वेळ आली. आई अशा वेळी नेहमी मागं दोरी धरून बसायची, गाणं दुसऱ्यांचं. त्या दिवशी ती पुढं आली, पदर खोचला आणि मोठ्यानं पाळणा म्हणायला लागली.

आई भयंकर बेसूर होती. रेडिओचं स्टेशन धड लागत नाही तेव्हा जसा आवाज येतो तशी. अम्मांनी कानांवर हात ठेवले. पाळण्यातली पोर दचकून जागी झाली. "आवो, पुरे की विहीणबाई," सासूबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. अण्णा आतून दारापर्यंत आले, आणि चोवीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडं तोंड उघडं टाकून बघत उभे राहिले.

पाळणा बारा कडव्यांचा होता. आईनं एकही सोडलं नाही.